मोटारीची पाठवणी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडी कीव असते आणि थोडा हेवाही असतो. विंचवाला सामानाची यादी करावी लागत नाही, खोकी बांधावी लागत नाहीत, आणि नव्या गावी पोचल्यावर पोळपाट सापडला पण लाटणे कुठे गेले, हा प्रश्न त्याला पडत नाही. माझ्या आजोबांची बदली झाली की दोन ट्रंका, एक वळकटी, भांड्यांचे एक पोते आणि देवांची पेटी एवढे बिऱ्हाड टांग्यात बसून स्टेशनवर जाई. वडिलांच्या वेळी त्याला अर्धा ट्रक लागू लागला. आमच्या पिढीला अख्खा ट्रकही पुरत नाही. तो भरून दाराबाहेर पडला तरी मागे एक जिन्नस उरतोच. त्याला स्वतःची चार चाके असतात, तो आपल्या पायांनी चालू शकतो, आणि तरीही त्याला दुसऱ्याच्या पाठीवर बसवून न्यावे लागते. हा जिन्नस म्हणजे घरची मोटार.

२०२५ च्या जूनमध्ये माझी नागपूरहून कोल्हापूरला बदली झाली. सरकारी महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाने बदलीबद्दल कुरकुर करू नये. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि तेथल्या सरकारी प्राध्यापकाच्या नशिबी अमरावती नाही तर जबलपूर असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि तेव्हापासून गोंदियाच्या माणसाला थेट कोल्हापूरला धाडण्याची सोय सरकारला झाली. संयुक्त महाराष्ट्राचा हा एक लाभ इतिहासाच्या पुस्तकांत मला अजून आढळलेला नाही.

नागपूर ते कोल्हापूर हे अंतर सडकेने साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. आमची वॅगन-आर नऊ वर्षांची. ती चालवते आमची सौ.; मी शेजारी बसून सूचना करतो. मोटारीने जायचे म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, शहात्तर वर्षांच्या आईचे गुडघे, आणि वर मृगाचा पाऊस. तेव्हा असे ठरले की सामान ट्रकने जाईल, आम्ही चौघे महाराष्ट्र एक्स्प्रेसने जाऊ, आणि मोटार एखाद्या वाहतूक कंपनीच्या हवाली करू.

हे ठरवणे सोपे होते. कंपनी निवडणे म्हणजे उपवर मुलीसाठी स्थळे पाहण्यासारखे निघाले. सकाळी एका ठिकाणी चौकशी केली आणि संध्याकाळपर्यंत सात ठिकाणांहून विचारणा आल्या. कोणी अकरा हजार म्हणे, कोणी बावीस हजार. मोटार तीच, रस्ता तोच, मग भावात दुपटीचा फरक कसा? सौ. एका कचेरीत हिशेबतपासणीचे काम करते. तिने वही-पेन्सिल घेतली आणि प्रत्येकाला सारखेच पाच प्रश्न विचारले. त्या चौकशीतून या धंद्याचे जे शास्त्र आम्हाला उमगले, ते वाचकांपैकी ज्यांच्यावर बदलीचे सावट असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

कारखान्यांतून नव्या मोटारी देशभर पोचवणारे लांबलचक ट्रेलर परतताना रिकामे असतात. रिकामी चाके फिरवणे कोणत्याही गाडीवानाला परवडत नाही. मग परतीच्या वाटेवर तुमच्याआमच्या जुन्या मोटारी मिळाल्या तर तो खूष असतो. म्हणून भाडे केवळ अंतरावर ठरत नाही. गाडी कुठल्या दिशेने जायची आणि त्या दिशेला जाणारी आणखी गिऱ्हाइके आहेत की नाहीत, यावर ते ठरते. मोठ्या शहरातून मोठ्या शहराला गाडी चटकन जाते. कोल्हापूरसारख्या गावी जायची असेल तर ती आधी पुण्याजवळच्या चाकणला उतरते आणि कोल्हापूरकडच्या मोटारींची खेप भरेपर्यंत तिथे वाट पाहते. उघडा ट्रेलर स्वस्त, बंद कंटेनर महाग. आणि जो सर्वांत कमी भाव सांगतो त्याच्यापासून सर्वांत जास्त सांभाळावे, कारण गाडी एकदा त्याच्या ताब्यात गेली की भाव वाढवण्याची युक्ती या धंद्यात पुष्कळांना अवगत आहे.

सौ.ने निवडलेल्या कंपनीने १७,५०० रुपये सांगितले होते. बंद कंटेनर, घरापासून घरापर्यंत, दहा दिवसांच्या आत. १४,५०० रुपये गाडी नेताना द्यायचे आणि ३,००० पोचल्यावर. हे सारे तिने लेखी मागून घेतले.

मग विम्याचा प्रश्न निघाला. कंपनीच्या माणसाने प्रवासी विम्याचे म्हणून आणखी काही हजार मागितले. सौ.ने आमची स्वतःची विम्याची पॉलिसी काढली आणि चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. विम्याची पॉलिसी शेवटपर्यंत वाचणारी ती माझ्या पाहण्यातली एकमेव व्यक्ती. खाजगी मोटारीच्या सर्वंकष विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत आग, चोरी, पूर, भूकंप अशी संकटांची जी यादी असते, तिच्या शेवटाकडे एक कलम असते. सडकेने, रेल्वेने, नदीकालव्यातून, लिफ्टने किंवा विमानाने मोटार नेली जात असताना तिचे नुकसान झाले तर तेही त्यात येते. ज्यांचा विमा फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता असतो त्यांना हे लागू नाही. पण आमचा विमा पूर्ण होता. सौ.ने कंपनीला कळवले, "वेगळी पॉलिसी आमच्या नावाने काढून तिचा कागद देणार असाल तर पैसे घ्या, नुसते शब्द विकत घ्यायचे नाहीत." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पावतीबद्दलही कायदा आहे. इंग्रजांच्या वेळचा १८६५ चा कॅरिअर्स ॲक्ट जाऊन त्याच्या जागी २००७ चा सडक मालवाहतुकीचा कायदा आला. त्याप्रमाणे वाहतूकदाराने नोंदणी केलेली असली पाहिजे आणि माल घेतल्याची पावती दिली पाहिजे. धंद्यात तिला बिल्टी म्हणतात. मालाची किंमत जाहीर केलेली नसेल, तर हरवल्या-मोडल्याची त्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. सौ.ने बिल्टीवर मोटारीची किंमत अडीच लाख रुपये लिहवली आणि त्याबद्दल पाचशे रुपये जास्त मोजले. "दहा पट म्हणजे पावणेदोन लाख," ती म्हणाली, "बाकीचे पंचाहत्तर हजार काय म्हणून सोडायचे?"

मोटार न्यायला वाडीहून एक तरुण आला. वाडी म्हणजे अमरावती रस्त्यावरचे नागपूरचे ट्रक-गोदामांचे उपनगर. आल्याआल्या तो म्हणाला, "तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले जी? काही होत नाही." सौ. म्हणाली, "टेन्शन घेत नाही, फोटो घेते." तिने चारी बाजूंनी, छतावरून आणि खालून फोटो काढले. डाव्या दारावरची जुनी खरवड, मागच्या बंपरचा पोचा, सुट्या चाकाची स्थिती, हे सारे बिल्टीवर उतरवले. पेट्रोल पाव टाकी. आत सामान काही नाही. शेवटी मीटरचा आकडा: ४८,२१६. तो आकडा तिने त्या तरुणाकडून त्याच्याच अक्षरात लिहून घेतला आणि खाली सही घेतली.

समोरच्या काचेवर टोलचा फास्टॅग होता. तो काढून ठेवावा असे पुष्कळ जण सांगतात, कारण ट्रेलरवर बसलेल्या मोटारीचाही टोल कधीकधी कापला जातो. मी हात पुढे केला तेव्हा सौ. म्हणाली, "राहू द्या. तो आपला हेर आहे."

आईने बॉनेटला हळदकुंकू लावले आणि मोटारीच्या टपावरून हात फिरवला. बाबा गेले त्या वर्षी, शेवटच्या दिवसांत, याच मोटारीतून ती त्यांना दवाखान्यात नेत-आणत असे. त्यांच्या उशीचा एक खिळखिळा अभ्रा अजून मागच्या सीटवर पसरलेला होता. तो तिने काढू दिला नव्हता. आत सामान ठेवायचे नाही, या नियमातून सौ.ने एवढी एक वस्तू वगळली, आणि वगळल्याची नोंदही बिल्टीवर केली: "अभ्रा, जुना, एक." तो तरुण हसला; पण त्याने लिहिले. मोटार गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा आई आत निघून गेली. लेक सासरी निघाली की घरातली मोठी माणसे अशीच काहीतरी काम काढून आत जातात.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते आणि कोल्हापूरला संपते. राज्याची हद्द न ओलांडता तेराशे किलोमीटरहून अधिक धावणारी ही गाडी म्हणजे भूगोलाचे एक चालते पुस्तक आहे. नागपूरला दुपारच्या आधी बसावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला उतरावे. घाईच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. मराठीच्या माणसाने मात्र एकदा तरी जावे.

वर्धा, पुलगाव, धामणगाव गेले. दोन्ही बाजूंना काळी जमीन नांगरून, वखरून, आभाळाकडे तोंड करून पडली होती. पेरणीच्या आधीचे वऱ्हाड पाहिले की एखादे मोठे घर कार्याच्या आदल्या दिवशी सारवून ठेवल्यासारखे वाटते. शेगावला कचोरी आली. ती डब्यात शिरली की तिच्या वासापुढे विषय, वाद, भांडण काही टिकत नाही. तोवर चहावाल्याच्या बोलण्यातले "करून राहिलो" मागे पडले होते, आणि मलकापूरनंतर खानदेशी हेल कानावर येऊ लागला.

भुसावळच्या यार्डात दिवेलागणीला एक चमत्कारिक गाडी उभी दिसली. डबे प्रवासी गाडीचे, पण खिडक्या पत्र्याने बंद केलेल्या, जणू डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली. कन्येने विचारले, हे काय आहे? निवृत्त झालेल्या प्रवासी डब्यांतली बाके काढून, टोकाला दारे पाडून रेल्वे त्यांतून कारखान्यांच्या नव्याकोऱ्या मोटारी नेते, ती ही गाडी. म्हातारपणी नातवंडे सांभाळावीत तसे ते डबे मोटारी सांभाळतात. "मग आपली गाडी त्यात का नाही घातली?" कारण त्या गाड्या कारखानदारांसाठी भरतात, एकट्यादुकट्याने एक जुनी मोटार घेऊन जावे अशी ती सोय नाही. दुचाकीचे मात्र सोपे आहे. पेट्रोलची टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून ती पार्सलच्या डब्यातून आजही जाते.

पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी मोटारी वाघिणींवर चढवून नेण्याची सोय काढली. एका खेपेला ४० मोटारी आणि एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. भरलेले ट्रक तर ती रेल्वे १९९९ पासून असेच पाठुंगळीला घेत आली आहे. मोटार वाघिणीवर आणि माणसे त्याच गाडीच्या डब्यात, ही कल्पना आईला फार पटली. "म्हणजे डोळ्यांसमोर तरी राहते," ती म्हणाली.

मनमाडला गाडीने मुंबईची वाट सोडली आणि ती दक्षिणेला वळली. नगर, दौंड झोपेत गेले. डोळे उघडले ते पुण्याच्या पुढे, नीरेच्या आसपास. बाहेरचे जग पार बदललेले. डोंगर जवळ आले होते, आभाळ खाली आले होते, आणि रुळांच्या कडेला पाणी होते. वाठार, सातारा, कराड मागे पडले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी गेली, आणि मग मिरजेपर्यंत ऊस, ऊस आणि ऊस. जयसिंगपूरच्या अलीकडे कृष्णा ओलांडली आणि रुकडीजवळ पंचगंगा. मिरज-कोल्हापूर हा फाटा १८९१ सालचा. शाहू महाराजांचे नाव धारण करणाऱ्या त्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा पुढे रूळ नव्हता. महाराष्ट्र संपला होता आणि आमचे नवे घर सुरू झाले होते.

राजारामपुरीत गल्ल्यांना नावे नसून आकडे आहेत, हे सौ.ला फार आवडले. सामानाचा ट्रक आला, लाटणे सापडले, गॅस लागला. मोटारीचा मात्र पत्ता नव्हता. कंपनीने मोबाइलवर एक नकाशा दिला होता. त्यात एक निळा ठिपका म्हणजे आमची मोटार. तीन दिवस तो ठिपका वाडीतच बसून राहिला. मग एका रात्रीत समृद्धी महामार्गाने जालन्यापर्यंत आला, दुसऱ्या दिवशी चाकणला पोचला, आणि तिथे पुन्हा मुळे फुटल्यासारखा थांबला. आई दिवसातून चार वेळा विचारी, "ठिपका हलला का?" सौ. फोन लावी. "मॅडम, उद्या निघते." हा उद्या चार दिवस टिकला. कबूल केलेले दहा दिवस उलटले.

अकराव्या दिवशी रात्री ११ वाजून २० मिनिटांनी सौ.चा मोबाइल वाजला. संदेश बँकेचा होता. खेड-शिवापूरच्या नाक्यावर आमच्या खात्यातून टोल कापला गेला होता. मी नकाशा पाहिला. ठिपका चाकणलाच होता. म्हणजे ठिपका एकीकडे आणि मोटार दुसरीकडे! तेव्हा उलगडा झाला की तो ठिपका मोटारीचा नव्हताच, कंटेनरचा होता. कंटेनर चाकणला उभा होता आणि आमची मोटार पुण्याच्या खाली, रात्रीच्या पावसात, कोणाच्या तरी हाती धावत होती.

कंपनीचा फोन कोणी उचलेना. पोलिसांत जावे तर सांगायचे काय? मोटार पळवली म्हणावे तर ती कोल्हापूरकडेच येत होती. कोल्हापूरला येणारा चोर, असा चोर कोणी ऐकला आहे? पण तीच मोटार पुढच्या फाट्याला वळून कुठे जाणार नाही, याची तरी हमी काय? १२ वाजून ४० मिनिटांनी आनेवाडी आली. आम्ही तिघेही जागे. बाहेर पाऊस चालू होता. खंबाटकीचा घाट आनेवाडीच्या अलीकडे आहे, म्हणजे तो तरी पार झाला होता. एक तीसला तासवडे. आई देवासमोर बसली होती. "अभ्रा भिजला नसेल ना रे?" एवढेच तिने विचारले. दोन पस्तीसला किणी. किणीहून कोल्हापूर अर्ध्या तासाचे. तीन वाजले, साडेतीन वाजले. मोबाइल गप्प, दार गप्प. किणीच्या पुढे टोलनाका नाही. आमचा हेर तिथून पुढे काही सांगू शकत नव्हता.

पहाटे साडेपाचला आईने दाराला पाणी घालायला कडी काढली, आणि तिची हाक आली. गल्लीत आमच्या दारासमोर मोटार उभी होती. आत पुढच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन एक मुलगा झोपला होता. वय असेल बावीस-तेवीस. आईने काचेवर टिचकी मारली.

"आजी, गाडी आणलीय," तो धडपडत उठून म्हणाला.

"कधी आलास?"

"रातीचे तीन वाजले व्हते."

"मग दार का नाही वाजवलंस?"

"म्हातारं मानूस झोपंतून उठलं की पुन्हा झोप लागत न्हाई, आजी. आमच्या आज्जीचं तसंच हाय."

आईने मागच्या सीटकडे पाहिले. अभ्रा होता तसा घडी घालून एका बाजूला ठेवलेला होता.

सौ. मात्र आधी मीटरपाशी गेली. ४८,४९४. तिने बिल्टी काढली आणि वजाबाकी मोठ्याने केली: "दोनशे अठ्ठ्याहत्तर." तो मुलगा खाली पाहू लागला. नागपूरच्या घरापासून वाडीपर्यंतचे आठ-दहा किलोमीटर वजा केले, तर उरलेला आकडा चाकण ते कोल्हापूर या अंतराशी बरोबर जुळत होता.

"कंटेनरनं आली का गाडी?" तिने विचारले.

"मॅडम, हापिसातनं सांगितलंय की शिरोलीला कंटेनरमधनं उतरवली म्हनायचं." मग थोडे थांबून तो म्हणाला, "तुमी इचारलं नसतं तर म्या बोललो नसतो. आता इचारलंच, तर खोटं कशाला बोलू?"

मग त्याने सारे सांगितले. कोल्हापूरकडच्या तीनच मोटारी जमल्या होत्या. तिघांसाठी कंटेनर सोडणे कंपनीला परवडेना. म्हणून तीन पोरांना तीन किल्ल्या दिल्या आणि रात्री वाहतूक कमी असते तेव्हा निघा म्हणून सांगितले. प्रत्येकाला बाराशे रुपये. परतीचे एसटीचे भाडे त्यातच. त्याच्याजवळ परवाना होता. तो त्याने न मागता दाखवला.

आईने तोवर पोहे केले होते. खाताखाता त्याची हकीकत निघाली. तो बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोडीला येत. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बीडहून निघतात; या जोडप्याला त्या व्यवहारात एक कोयता म्हणतात, माणसाचे नाव कोणी घेत नाही. ट्रकमध्ये भांडी, शेळी, कोंबड्या, सरपण, आणि सगळ्यावर पोरे बसलेली. शिरोळच्या बाजूला उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहत आणि उन्हाळा येईपर्यंत तेच घर. "कोल्लापूरचा समदा रस्ता म्या ट्रकच्या वरनं बघितलाय," तो म्हणाला. शाळा अर्धी बीडला आणि अर्धी कुठेच नाही. पुढे तो ट्रकवर किन्नर म्हणून लागला. संस्कृतात किन्नर म्हणजे देवलोकीचे गायक. मराठी सडकेने इंग्रजी क्लीनरला ते नाव दिले. वर्गात मी हा शब्द शिकवताना मुले हसत असत. त्या सकाळी मात्र मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. आम्ही एका बदलीने आठवडाभर हैराण होतो. हा मुलगा दर वर्षी दोनदा घर बदलत मोठा झाला होता आणि आता दुसऱ्यांची घरे बदलून देत होता.

नऊ वाजता कंपनीचा फोन आला. उरलेले ३,००० रुपये मुलाकडे रोख द्या, आणि गाडी सुखरूप पोचली अशी सही करा. सौ.ने सही केली, पण सहीच्या वर लिहिले: "मीटर ४८,४९४. घेताना ४८,२१६. दिवस अकरा." पैसे दिले नाहीत. फोनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, गाडी कंटेनरनंच आली आहे. ड्रायव्हरला विचारा." सौ.ने मुलाकडे पाहिले. तो बशी हातात धरून बसला होता. काय उत्तर द्यावे या विचाराने त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. खरे सांगितले तर त्याचे काम जाणार. खोटे बोलला तर आत्ताच ज्या घरात खाल्ले त्या घराशी.

"त्याला विचारायची गरज नाही," सौ. फोनमध्ये म्हणाली. "मीटर बोलतंय आणि चार टोलनाके बोलताहेत. माणसाला मध्ये घेऊ नका."

तक्रारीच्या पत्रातही तिने त्या मुलाचा उल्लेख केला नाही. मी म्हटले, त्याचा कबुलीजबाब हा आपला सर्वांत मोठा पुरावा आहे. ती म्हणाली, "त्याचं तोंड कशाला वापरायचं? पावतीचं तोंड पुरे." पत्राबरोबर दोन फोटो, बिल्टीची प्रत आणि बँकेचे चार संदेश जोडले. या कायद्याखाली नुकसानीसाठी दावा करायचा तर माल सोपवल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. आमचे नुकसान मोडतोडीचे नव्हते, शब्द मोडल्याचे होते. तरी तिने ती मुदत डोळ्यांसमोर ठेवली. कंपनीने पंधरा दिवस उत्तर दिले नाही तेव्हा तिने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आणखी नऊ दिवसांनी पत्र आले: उरलेले ३,००० रुपये माफ, टोलचे पैसे परत, आणि कंटेनर व साधी पोच यांच्या भाड्यातला फरक म्हणून ४,००० रुपये परत. पत्रात दिलगिरीही होती, पण ती छापील होती.

तो मुलगा दुपारच्या एसटीने गेला. आईने नागपूरहून आणलेल्या संत्राबर्फीचा डबा त्याला दिला, "तुझ्या आज्जीला" म्हणून. सौ.ने त्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवले आणि तेही वहीत लिहिले: "रात्रीची जागल." मी तिला थोडे चिडवले, की एका हाताने कंपनीशी तीन हजारांसाठी भांडायचे आणि दुसऱ्या हाताने पाचशे वाटायचे, हे कुठल्या हिशेबशास्त्रात बसते? ती म्हणाली, "कागद चोख असला की माणसाशी चोख वागावं लागत नाही, मोकळं वागता येतं. कागद ढिला असता तर मी त्या पोराला पोहे नसते दिले, त्याच्यावर ओरडले असते."

मी वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. कागदाबद्दल आणि माणसाबद्दल इतके नेमके वाक्य मला सुचलेले नाही. आपल्याकडे पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी एक समजूत भल्या घरांतही असते. "एवढं काय लिहून घ्यायचं, माणूस चांगला दिसतो," असे आपण म्हणतो. आणि फसवणूक झाली की तोच चांगला दिसणारा माणूस, म्हणजे बहुधा शेवटचा गरीब हमाल नाही तर ड्रायव्हर, आपल्या रागाला सापडतो. करार करणारा कचेरीत बसलेला असतो. दारात उभा असतो तो बाराशे रुपयांचा धनी. नीट लिहिलेली पावती राग योग्य पत्त्यावर पोचवते.

मोटार आता राजारामपुरीत रुळली आहे. राज्याच्या आतच आल्यामुळे तिचा नंबर बदलावा लागला नाही. फक्त नवा पत्ता तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचा होता, तो सौ.ने चौथ्या दिवशीच कळवला. परराज्यातून आलो असतो तर ना-हरकत दाखला, पुन्हा कर, बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी, असे सारे सोपस्कार करावे लागले असते. त्यामुळे पाटीवर नागपूरचा ३१ अजून दिमाखाने मिरवतो आहे. पेट्रोलपंपावर, भाजीच्या मंडईत, रंकाळ्याच्या काठावर कोणी ना कोणी तो वाचतो आणि विचारतो, "पाव्हणं, नागपूरचं काय?" आई मागच्या सीटवरून, अभ्रा नीट करत, उत्तर देते, "होतो बाबा. आता इथलेच."